एकशे चौदापैकी एकशे चौदा

मला एकशे चौदा नावं तोंडपाठ होती आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू? बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या पत्र्यांना रंग लागायचा आणि मी तिथला टाइमकीपर. हजेरीपुस्तक न उघडता मी शेवटच्या हेल्परपर्यंत नावं घ्यायचो, टोकन नंबरासकट. आमचं घराणं चार पिढ्या कब्बनपेटेत राहिलेलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. दोन्ही भाषांत मला शिव्या उत्तम येतात. उशिरा येणाऱ्यांनी त्या भरपूर ऐकल्या आहेत.

शहाण्णव सालच्या जानेवारीत जर्मनीहून पाहुणे यायचे ठरले. मोठं काम मिळणार होतं. पण आग लागली तर पाच मिनिटांत सगळी माणसं बाहेर येतात, हे त्यांना डोळ्यांसमोर करून दाखवायचं होतं. आमचे मॅनेजर विश्वासराव मला म्हणाले, "उमाकांत, हे तुमच्याकडे. एकही माणूस आत राहता कामा नये."

"निर्धास्त राहा," मी म्हटलं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्यांनी आणखी एक काम सांगितलं, तेही नेहमीचंच. पाहुणे आले की झाडूवाली माणसं नजरेला पडू द्यायची नाहीत. मी अहल्येला गाठलं. ती आमच्याच गल्लीतली. नवरा गेल्यावर मीच ठेकेदाराला सांगून तिला झाडलोटीला आणि चहाचे ग्लास धुवायला लावून दिलं होतं. ठेकेदाराच्या माणसांची नावं माझ्या हजेरीपुस्तकात नसत.

"अक्का, रंगाच्या गोदामात मागं बादल्यांची खोली आहे ना, तिथं बसा. मी बोलावल्याशिवाय बाहेर दिसायचं नाही."

"सरी अण्णा. किती वेळ?"

"स्वल्प," मी म्हटलं आणि फाटकाकडे पळालो.

बरोबर अकराला भोंगा वाजला. खरं वाटावं म्हणून गोदामात आतच, मागच्या अंगाला, धुराचे डबे पेटवले होते. पांढरा, दाट धूर, डोळ्यांत मिरची गेल्यागत झोंबणारा. माणसं रांगेनं बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी मी गोदामाच्या दारात उभा राहिलो आणि नियमाप्रमाणे दोन्ही भाषांत ओरडलो, "आत कोणी आहे का?" उत्तर आलं नाही. आग पसरू नये म्हणून शटर ओढायचं, हाही नियमच. मी ते ओढलं आणि कडी घातली.

मैदानात मी पुस्तक बगलेत ठेवूनच हजेरी घेतली. एकशे चौदापैकी एकशे चौदा, चार मिनिटं दहा सेकंद. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात हातात घेऊन फोटो काढला. म्हैसूरपाकाचे डबे फुटले. मी दोन तुकडे खाल्ले, आणि तिसरा घरी न्यायला कागदात बांधला.

वीस-पंचवीस मिनिटं अशीच गेली. मग विश्वासराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "चहा तयार आहे हो, पण ग्लास तसेच खरकटे पडलेत. कोण धुतं ते?"

"अहल्या," मी म्हटलं.

आणि ती कुठं बसली आहे ते मला तेव्हा आठवलं.

लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मीच तिला तिथं बसवलं होतं, तासाभरापूर्वी. शटर ओढताना ती मनात येऊन मी दुर्लक्ष केलं असतं तर मी निदान दुष्ट ठरलो असतो. पण ती मनात आलीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी होतो आणि चांगला मिरवत होतो.

मी मागच्या बाजूनं धावलो. शटर उचललं तेव्हा धूर अंगावर आला. तोंडाला रुमाल लावून भिंत चाचपत बादल्यांच्या खोलीशी पोचलो. दार आतून लावलेलं होतं. लाथ मारून उघडलं. अहल्या जमिनीवर पालथी पडली होती, ओला पदर नाकाशी गच्च धरून. तिला ओढत मागच्या अंगणात आणलं आणि तोंडावर पाणी मारलं. ती ओकली, खोकली आणि तिनं डोळे उघडले. मी तिच्यावरच ओरडलो. माझा स्वभावच तसला.

"बाहेर का नाही आलात? मी हाक मारली होती ना दारातून?"

"ऐकली अण्णा. ती कामगारांसाठी असंल वाटलं." तिला धाप लागली होती. "तुम्हीच म्हणालात की, बोलावल्याशिवाय दिसायचं नाही." मग तिनं माझी बाही धरली. "माझं राहू द्या. आधी यल्लाप्पाला बघा. गाळाच्या टाकीत उतरलाय."

"कोण यल्लाप्पा?"

माझ्या तोंडून हे गेलं, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला आजही सोसत नाही. तीन वर्षं तो ठेकेदाराचा माणूस रंगाचा गाळ उपसत होता. दर गणपतीत मी त्याला प्रसाद दिला होता, वरून, हाताला हात न लागू देता. नाव कधी विचारलं नव्हतं.

टाकी गोदामाच्या पोटातच, कोपऱ्यात. धूर तिथं खाली बसला होता. कडेला दोन काळी-निळी बोटं दिसली. मी मनगट धरलं आणि जीव खाऊन वर खेचलं. डोक्यापासून पायापर्यंत रंगानं माखलेला तो माणूस माझ्या अंगावर कोसळला. थोडा वेळ त्याला श्वास लागेना. मग लागला, फाटक्या भात्यासारखा. त्याला अहल्येशेजारी आणून टेकवलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. दोघंही जिवंत होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर बोलणं ऐकू आलं. विश्वासराव पाहुण्यांना गोदाम दाखवायला मागच्या वाटेनं आणत होते.

यल्लाप्पानं आवाज ऐकला. त्याला धड बसता येत नव्हतं, तरी तो कोपरांवर सरपटत रिकाम्या पिंपांच्या मागे गेला. त्याच्यामागून अहल्या गेली. खोकला दाबायला तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कुणी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. हाताला धरून समोर आणायचं आणि म्हणायचं, साहेब, मोजणी चुकली, ही बघा दोन माणसं. शब्द माझ्या जिभेवर होते, देवाशपथ होते.

पण माझे पाय हलले ते दोन पावलं डावीकडे. पिंपांच्या नेमक्या पुढ्यात मी उभा राहिलो, ती दोघं दिसू नयेत असा. सदऱ्याला लागलेला रंग झाकायला हात पुढे घेतले.

जर्मन साहेबानं हसून काहीतरी विचारलं. विश्वासरावांनी ते मला सांगितलं, "विचारतायत, सगळी माणसं सुखरूप आहेत ना?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

"एकशे चौदापैकी एकशे चौदा," मी म्हटलं.