जगरा खुशालरावांनीच लावावा

अकोल्याच्या आमच्या जिन लाइनीत नाली उघडी वाहे, तवापासून मी अन् खुशालराव संगं मुन्सिपालटीशी भांडून राहिलो. मी जिनात कापूस निवडाले जाणारी, त्यायच्याच खोलीतली भाडेकरू. ते घरमालक. पण मोर्च्यात दोघंही एकाच सतरंजीवर.

आमची रीत ठरलेली. ज्याच्याशी भांडण, त्याच्या दारासमोर गोवऱ्यांचा जगरा पेटवाचा, त्यावर कणकेचे रोडगे भाजाचे अन् तिथंच जेवाले बसाचं. पहिली पत्रावळ सायेबाले. त्यानं घास घेतला म्हणजे मागणी मान्य. जगरा मात्र खुशालरावांनीच लावावा. दुसऱ्याच्या हातचा रोडगा जळते, नाही तं कच्चा राहते.

असं भांडून आमी नाली झाकून घेतली, रस्ता आणला, दिवे आणले. अन् मंग काय! चांगल्या रस्त्यावर मोठमोठ्या गाड्या आल्या. पिंटूच्या सायकल दुकानाच्या जागी कॉफीचं दुकान झालं. ज्याले त्याले आमची लाइन आवडून राहिली.

गेल्या हप्त्यात खुशालराव आले ते दारातच थांबले. खाली मान घालून म्हणे, "रुख्माबाई, दिवाळीपर्यंत खोली खाली करा. फ्लॅट बांधणारे जागा मागून राहिले. कुलदीप ऐकत नाही."

कुलदीप त्यायचा पोरगा. तीस वर्षं झाली मले त्या खोलीत. "बरं," म्हटलं अन् दार लोटलं. पहिले रडली, मंग असा राग आला! रस्ता आमी आणावा अन् आमीच त्यावरून सामान घेऊन जावं?

रविवारी सकाळी खुशालराव फिराले गेले, तसं आमी बायांनी त्यायच्याच दारासमोर गोवऱ्या रचल्या. ते परत आले अन् दुरूनच ओरडले, "अवो, असा लावतेत का जगरा? सरका!" खाली बसले, गोवऱ्या नीट उभ्या केल्या, पेटवल्या. मंग हात झटकत म्हणे, "आज कोणाशी भांडण हाय?"

त्यायनं वर पाहिलं. समोर त्यायचंच दार.

"तुमच्याशी," म्या म्हटलं.

ते उठले नाहीत. निखारे झाले तसे रोडगे टाकले, एकेक करून पलटवले. मी पहिली पत्रावळ त्यायच्यापुढं ठेवली.

कुलदीप दारात आला. "बाबा, आत चला."

"कोरडा रोडगा खातेत का रे?" खुशालराव म्हणाले. "आतून तूप आन. अन् तूही बस."

त्यायनं रोडगा फोडला अन् घास घेतला. मंग त्या हप्त्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवली.