मागे न येणारी हातोडी

दोन महिने राधिका एकच सांगत होती. पियानोची मधली पांढरी पट्टी पहिल्यांदा वाजते, लगेच पुन्हा दाबली की मुकी होते. आणि दोन महिने अच्युतराव नातीला एकच उत्तर देत होते, "पियानो खोटं नाही बोलत, पोट्टी बोलते." सूर गेला की लाकडी फूटपट्टी बोटांवर. नऊ वर्षांची बोटं ती. तिची आई मीरा तूप चोळायला बसली की तिच्या तळहातात भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागायची, पातळ अन् गरम.

शेवटी मीरानंच सासऱ्यांच्या मागे लागून भनपुरीहून गौतमला तात्यापाऱ्यातल्या घरी बोलावलं. चर्चमधले पियानो तोच दुरुस्त करायचा. आपल्या लेकीचं खरं ठरावं, एवढंच तिला हवं होतं.

गौतमनं वरचं झाकण उघडलं, समोरची जड फळी काढून भिंतीला टेकवली. आत हातोड्यांची लांब रांग उभी होती.

"वाजव बेटा, दोनदा."

राधिकानं आधी आजोबांकडे पाहिलं, मग पट्टी दाबली. सूर निघाला. पुन्हा दाबली. नुसतंच लाकूड खालीवर झालं.

"पाहा, बोटात जीवच नाही इच्या," अच्युतराव म्हणाले. "आईवर गेली."

"थांबा काकाजी." गौतमनं पट्टी एकटी हलवून पाहिली; मोकळी होती. मग त्यानं हातोड्या एकेक करून तारेकडे ढकलून सोडल्या. बाकीच्या झटकन मागे पडल्या. ही मात्र तारेजवळच रेंगाळली, जेवण उरकल्यावरही पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखी. "हेच तर. हातोडीच मागं येऊन नाही राहिली, तर दुसऱ्यांदा मारणार काय? पोट्टीचा काही दोष नाही."

मीराला वाटलं, आत्ताच लेकीला उचलून घ्यावं.

गौतमनं स्क्रू काढून हातोडी बाहेर घेतली, तिच्या बुडाशी नाक नेलं. "यात तेल टाकलं कोणीतरी. शिलाई मशीनचं. हातोडी ज्या पिनेवर फिरते, तिच्याभोवतीचं कापड फुगून चिकट झालं. पियानोत तेल टाकतात काय!"

घरात जे कुरकुरेल, पंखा असो की दाराची बिजागरी, त्याला तेल देणं हा अच्युतरावांचा रेल्वेतल्या नोकरीपासूनचा धर्म. संक्रांतीच्या सुमारास ही पट्टी कुरकुरली, तेव्हा फळी काढून त्यांनीच आत तेल सोडलं होतं. बाटली मीरानं हातात दिली होती.

"कोणी टाकलं?" अच्युतरावांनी विचारलं आणि नजर नातीवर रोखली. "तूच ना?"

राधिकानं आईकडे पाहिलं. शब्द मीराच्या ओठांपर्यंत आला होता. पण सासऱ्यांचा आवाज चढला की तिची जीभ टाळूला चिकटायची, लग्नापासून. ती जमिनीवरचे स्क्रू बघत राहिली.

"हव," राधिका म्हणाली, मग शाळेतल्या हिंदीत, "मैंने डाला."

दोन फटके बसले.

गौतम पुढे झाला. "काकाजी, ही फळी लेकराच्यानं निघते तरी का?"

"तुम्ही तुमची पिन पाहा."

तेव्हा कुठे सासऱ्यांपुढे मीराच्या तोंडून शब्द फुटला. "मामाजी, तेल तुम्ही टाकलं होतं. संक्रांतीला. बाटली मीच दिली होती तुम्हाला."

अच्युतराव ओरडले नाहीत. त्यांनी वाकून नातीची हनुवटी वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "आई खोटं बोलून राहिली, का तू? सांग बेटा. घाबरू नको."

राधिकानं या वेळी आईकडे पाहिलंही नाही. "मम्मी झूठ बोल रही है. मैंने ही डाला था."

"पाहिलं? मार खाऊनही खरं बोलते माझी नात." त्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "शीक काही पोरीपासून, मीरा. जा, गौतमले चहा टाक."

मीरा जागची हलली नाही. राधिका त्या हाताखाली मान ताठ धरून उभी होती. हात थांबला, तेव्हा तिनं डोकं थोडं आणखी पुढे केलं.