विसण

मुंबईचे पाहुणे येतात, समुद्र पाहून हरखतात, सुरमईच्या तुकडीवर ताव मारतात आणि जाताना हळूच विचारतात, टब नाही का हो तुमच्याकडे? दारात अख्खा समुद्र पसरलेला असताना घरात डबकं कशाला भरून ठेवायचं, असं काशीबाईंचं म्हणणं. पण सून नूतन हौशी, आणि लेक सुजित बायकोच्या शब्दाबाहेर नाही. शिवाय मुरुडच्या त्यांच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधून तयार होत्या. तेव्हा न्हाणीघरही नवंच करायचं ठरलं.

नूतनने अलिबागच्या दुकानात जाऊन टबांवर टिचक्या मारून पाहिल्या, पांढरा की मोतिया यावर नवऱ्याशी भरपूर वाद घातला आणि शेवटी पांढराच आणला. बरोबर गॅसचा गिझर, कारण विजेचा भरवसा नाही, आणि गरम-गार एकाच तोंडातून देणारा चकचकीत नळ. नळकाम करणाऱ्या परेशने सगळं बसवून दिलं आणि जाताना बजावलं, "वहिनी, गिझर बाहेरच्या भिंतीवर घ्यायला हवा. भोक पाडायचं मशीन उद्या आणतो. तोवर वापरू नका, आणि वापरलाच तर खिडकी उघडी ठेवा, आत गॅस कोंडतो."

काशीबाईंनी नळ फिरवून त्याखाली हात धरला. आधी गार पाणी आलं, मग कोमट, मग गरम. त्यांनी हात झटकून घेतला.

"ह्ये काय गं? आदी गार येतंय."

"पाइपात साठलेलं असतं ते, आई. थोडं वाहू द्यायचं."

"जित्या मानसाला आदी ऊन पानी काढायचं, मग वरून विसण घालायचं. आदी गार घ्यायचं नि त्यात ऊन वतायचं, ते मेल्या मानसाच्या आंगोळीला."

नूतनला हसू आवरेना. सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांच्या विसणाला पाइपाचं शास्त्र कोण समजावणार! काशीबाईंनी मात्र मागच्या पडवीतला तांब्याचा बंब काही हलवू दिला नाही. तुमचं तुम्हांला लखलाभ, म्हणाल्या.

सुजितला कुठला धीर धरवतो. त्याच दिवशी दुपार कलताना तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरला. थंडीचे दिवस होते, समुद्रावरून झोंबरा वारा येत होता, त्याने खिडकी लावून घेतलेली नूतनने स्वयंपाकघरातून ऐकली. गिझरची धगधग आणि पाण्याची धार ऐकू येत राहिली. मग धार थांबली, धगधगही थांबली. चहा उकळून झाला, गाळून झाला, कपातच गार झाला. तिने हाक मारली, कडी वाजवली, शेवटी दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून पाण्याचा थेंबही हलल्याचा आवाज नव्हता. काशीबाई पडवीतून धावत आल्या, आणि त्या दाराशी पोचतात न पोचतात तोच आतून कडी सरकली.

"डोळा लागला होता," सुजित म्हणाला. ओठ थोडे काळसर दिसत होते, बाकी काही नाही. नूतनने त्याला आधी शिव्या घातल्या, मग रडून घेतलं, आणि परेशला फोन करून गॅसचा गिझर घेऊन जायला सांगितलं. एवढ्यावर निभावलं म्हणून तिने दत्ताच्या देवळात नारळही फोडला.

विजेचा गिझर आला, आणि पहिल्याच सकाळी टबातून सुजितची हाक आली. "नूतन, पाणी गार आहे गं."

तिने पाण्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. आरसा वाफेने पांढरा झाला होता. सुजित त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून तिच्याकडे पाहत होता. त्याचं अंग कुठेही लाल झालेलं नव्हतं.

गिझर लहान असेल, म्हणून पंधरा लिटरचा काढून पंचवीसचा बसवला. काटा शेवटच्या खुणेपर्यंत नेला. परेश म्हणाला, "वहिनी, याच्यापुढं गेलात तर कातडी सोलून निघेल." नूतनने मान डोलावली आणि तो गेल्यावर दुकानदाराला फोन लावला, याहून मोठा आहे का. आपल्याला हे वेड लागलंय हे तिला कळत होतं. पण गिझरमध्ये दोष आहे तोवर दुसऱ्या कशात तो असायचं कारण नव्हतं.

दुसरं होतं ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. टबात डोळा लागला त्या दिवशी सुजित बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पाण्यात राहून सुरकुतलेली होती, कोणाचीही होतात तशी. ती सुरकुतलेलीच राहिली. दिवसभर वाडीत नारळ उतरवून आला तरी बोटं तशीच, पांढुरकी. ताटातलं तो चिवडायचा आणि भूक नाही म्हणायचा. पांघरुणात त्याचा पाय लागला की ती आपला पाय ओढून घ्यायची. डॉक्टरांचं नाव काढलं की तो नुसता हसायचा. एकदा तो पडवीत डोळे मिटून पडला असताना तिने त्याच्या छातीवर ठेवायला हात उचलला. ज्या माणसाशी सात जन्मांची गाठ मागितली, त्याच्या छातीवर हात ठेवायची तिला भीती वाटली, आणि तिने हात तसाच मागे घेतला. न ठेवलेल्या हातात नवरा अजून तिचा होता.

काशीबाईंनी ते पाहिलं. थोड्या वेळाने लेकाजवळ येऊन बसल्या, त्याचा हात मांडीवर घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं. मग कितीतरी वेळ तो हात तसाच धरून माडांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेश मोठा गिझर घेऊन यायचा होता. नूतन त्याची वाट पाहत अंगणात होती, तेवढ्यात मागून धुराचा वास आला, म्हणून ती मागच्या पडवीत गेली. काशीबाईंनी बंब पेटवला होता. अंघोळीच्या दगडाशेजारी पितळी घंगाळ चिंचेने घासून लखलखीत मांडलं होतं. नूतनच्या जिवात जीव आला. आपण कसे विसरलो? आईच्या हातचं पाणी, आधी ऊन, वरून विसण. दुकानातल्या यंत्राला जे जमलं नाही ते बंबाला जमेल. ती खांबाला टेकून उभी राहिली.

काशीबाईंनी विहिरीची कळशी उचलली आणि घंगाळात गार पाणी ओतलं. एक कळशी, मग दुसरी. मग बंबाची तोटी सोडून तपेलं भरून घेतलं आणि त्या गार पाण्यात वरून कढत पाणी घातलं. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आई, उलटं झालं," नूतन कसंबसं म्हणाली. "आधी ऊन ना?"

काशीबाईंनी तपेलं खाली ठेवलं.

"सुजित, ये बाबा. पानी काढलंय."

तो आला. लहान पोरासारखा दगडावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. काशीबाईंनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाणी त्याच्या पाठीवरून ओघळलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

"आये," तो डोळे मिटून म्हणाला, "आता कसं बरोबर झालं. आता ऊन लागतंय."

पुढच्या अंगणात रिक्षा थांबली. परेश हाका मारत होता, वहिनी, कुठं ठेवू हा? नूतन जागची हलली नाही. मांडीवर उताण्या पडलेल्या सुजितच्या हातांकडे ती पाहत होती. बोटांवरच्या सुरकुत्या हळूहळू उलगडत होत्या.

काशीबाईंनी तांब्या पुन्हा भरला आणि तो सुनेपुढे धरला.

"ये, नूतन. तुझाबी एक घाल."