खोटं पाडायचं होतं

गंधाली रोज सकाळी फोनवर शिकवणीच्या मुलांना एक इंग्रजी शब्द शिकवायची. बाळंतपणाच्या रजेमुळे शाळेत शिकवायला जाणं बंद होतं, पण बाईंचं तोंड थोडंच बंद राहणार! त्या दिवशीचा शब्द होता 'डिबंक'. नुसतं 'हे खोटं आहे' म्हणणं म्हणजे डिबंक नव्हे, असं तिनं ठासून सांगितलं. तसं तर कुणीही म्हणेल. लोक जे खरं धरून बसलेत, ते चारचौघांसमोर उघडं पाडून दाखवायचं, तेव्हाच हा शब्द वापरायचा. अफवेला लावा, बुवाच्या चमत्काराला लावा.

फोन ठेवला आणि तिला वनमालामावशी आठवली.

त्यांच्या तात्यापारा मोहल्ल्यातली निम्मी मराठी पोरं मावशीच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. पाटावर बसून ती पाय लांब सोडायची, तान्हं बाळ त्यावर पालथं घालून तेल चोळायची. गंधालीचा नवरा विशालही त्यातलाच. पण उन्हाळ्यात गल्लीतलं एक बाळ न्यूमोनियानं गेलं, आणि त्याला न्हाऊ घालायला मावशी जात होती. डॉक्टर काय म्हणाले ते कोण ऐकतो? कुणीतरी 'टोनही' म्हणालं, म्हणजे चेटकीण, आणि झालं. हरेलीच्या सणाला इथं घरोघरी दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात, टोनहीनं आत येऊ नये म्हणून. यंदा कुणा मेल्यानं मावशीच्याच दाराला, जणू टोनही आतच कोंडायची होती, इतक्या डहाळ्या खोचल्या की तिला बाहेर निघायची लाज वाटावी. कामं सुटली. गोंदियाचा भाचा बोलावत होता. म्हातारपणी हा डाग कपाळी घेऊन गल्ली सोडायची पाळी आली होती.

गंधालीचं डोकं फिरलं. तिनं सासूबाईंना, पद्मिनीबाईंना सांगून टाकलं, की उद्या मावशी आपल्या बाळाला तेल लावेल, तेही अंगणात, सगळ्यांसमोर. बघू दे एकेकीला. पद्मिनीबाई कुरकुरल्या, विषाची परीक्षा काहून घ्यायची म्हणाल्या. गंधालीनं ऐकलं नाही. मावशीकडे जाऊन तिची मनधरणी करून आली.

सकाळी मावशी धुतलेलं पातळ नेसून आली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर तरतरी होती! तिनं तळहातावर तेल घेतलं, हात चोळून ऊबदार केले, पाय सोडले आणि वर पाहिलं. फाटकाशी समोरच्या घरातली पिंकी आणि चार-पाच बायका उभ्या होत्या.

गंधाली बाळाला घेऊन पुढं झाली. तेवढ्यात बाळ शिंकलं.

साधी शिंक. पण तिच्या हातांनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. मन म्हणत होतं, दे, दे ना. हात सुटेनात. तिला स्वतःची शिसारी आली. मोठ्या कष्टानं तिनं बाळ पुढं केलं.

मावशीनं हात पुढं केले नाहीत. सोडलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले.

"मावशी, घ्या ना," गंधाली म्हणाली.

"नाई बाई. तुयं मन अडलं, मले दिसलं." मावशीचा आवाज अगदी शांत होता. "आज घेईन. उद्या याले ताप आला, तं तूबी एकदा इचार करशीन. मंग मी कोनाकडं पाहू?"

ती उठली, तेलाचे हात पदराला पुसले आणि फाटकातून निघाली. बायका दोन पावलं मागं सरल्या. पिंकी बाजूच्या बाईला म्हणाली, "देखा? मैडम ने भी नहीं दिया।"

मावशीला सोडवायला निघालेली ती, तिनंच गल्लीच्या हाती पुरावा दिला होता. हे झूठ आहे, सगळं झूठ आहे, असं ती मराठीत ओरडली, हिंदीत ओरडली. बायका आपापल्या घरी चालू लागल्या होत्या.

ती बाळाला घेऊन तशीच अनवाणी धावली. मावशीचं दार आतून लागलं होतं. गंधालीनं कडी वाजवली, रडत रडत म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. दार उघडा. घ्या याला."

मग दाराला लागूनच मावशीचा आवाज आला.

"घरी जाय बाई. त्याचं डोकं उघडं हाय, वारा लागन लेकराले."