मोरीतला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. विटेएवढा काळा डबा, अंगावर दोन चौकोनी खिडक्या, आणि पोटात गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी पट्टी. यंत्रात घातलं की ही पट्टी फिरू लागते आणि टीव्हीवर माणसं बोलू लागतात. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही, पण थोडं आश्चर्य वाटतं. एके काळी मला बघायला आख्खा मजला दारात उभा राहत असे.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. मला विकत घेतलं मस्कतला नोकरी करणाऱ्या आनंदाने. त्याने एक व्हीसीआर म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्रही घेतलं. मुंबईत त्याची स्वतःची खोली नव्हती, म्हणून सुट्टी संपताना ते यंत्र आणि मला तो लालबागच्या चाळीत राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे, शेवंतीकडे, ठेवून गेला. जाण्यापूर्वी त्याने टीव्हीवर पुन्हा लागलेली एक जुनी विनोदी मालिका माझ्यावर उतरवून घेतली. तिचं नाव 'उसनी साखर'. सगळी काळी-पांढरी, सगळी एकाच घरात घडणारी. गिरगावातले नाना, त्यांची बायको आणि त्यांच्याकडे न सांगता येऊन टपकणारे पाहुणे.

शेवंतीचा नवरा धोंडू परळच्या एका मिलमध्ये साचेवाला होता. साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. मी त्या घरी आले तेव्हा मिल कामगारांच्या संपाला तिसरं वर्ष लागलं होतं. त्याचा साचा गप्प होता आणि धोंडूही गप्प होता. शेवंतीने गावाकडच्या चार माणसांना महिन्याच्या पैशांवर जेवण घालून घर चालवलं होतं. धोंडू तिला भाजी चिरून द्यायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचा. दहा बाय बाराच्या खोलीत धडधाकट माणसाने दिवसभर करायचं तरी काय? जायला ठिकाण नाही, आणि बसून अंगाला मुंग्या.

अशा माणसाला मी हसवलं. उगीच बढाई मारत नाही, शेवंतीला विचारा. 'उसनी साखर'चा मोरीतल्या पाहुण्याचा भाग लागला की धोंडू पोट धरून हसायचा. त्या भागात कोकणातून आलेला एक पाहुणा सकाळी आंघोळीला मोरीत जातो आणि दिवसभर तिथेच अडकतो. दार उघडत नाही, आणि मदत मागायची तर लाज वाटते. मग तो आतूनच घर चालवतो. "वहिनी, फोडणी करपतेय!" "नाना, पेपरात काय म्हणतायत?" घरच्यांना वाटतं, पाहुण्याला आंघोळीची भारी हौस. संध्याकाळी नाना दाराला हात लावतात, तर ते मुकाट उघडतं. "अहो, दार उघडंच होतं! आत ओढायचं सोडून तुम्ही बाहेर ढकलत बसलात." पाहुणा ओल्या पंच्यात बाहेर येतो, मान ताठ ठेवतो आणि म्हणतो, "झाली एकदाची आंघोळ. चहा टाका."

आता गंमत ऐका. हा पाहुणा झाला होता रामजी. रामजी म्हणजे धोंडूच्या शेजारच्या साच्यावरचा जोडीदार आणि चाळीतही शेजारच्याच खोलीत राहणारा. मिलच्या नाटकांत तो कामं करायचा, त्यातून टीव्हीवर हे एवढं एक काम त्याला मिळालं होतं. दोघं एका डब्यात जेवलेले. पण संपाच्या दुसऱ्या वर्षी रामजीची मुलगी तुळसा फार आजारी पडली आणि रामजी मिलमध्ये परत कामावर गेला. चाळीने त्याला फुटीर ठरवलं. भजनात त्याच्या हातात कुणी टाळ देईना. धोंडूने तर बजावून सांगितलं, "त्या घरचा पाणी पन नको माका."

पाणी नको, पण विनोद चालायचा! इतर भागांना आख्खा मजला दारात, पण या भागाला दार लावून, आवाज बारीक करून धोंडू रामजीला बघायचा आणि खदाखदा हसायचा. शेवंती तोंडावर पदर धरायची. मलाही हसू येई, पण त्या हसण्यात काहीतरी दुखरं होतं. समोरचा माणूस पत्र्याच्या भिंतीपलीकडे बसलेला, आणि याला तो बघायला टीव्ही लागायचा.

मग दसरा आला. मिलमध्ये दसरा म्हणजे काय थाट असे ते मी धोंडूच्या तोंडून ऐकलं आहे. साचे धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. बायकापोरं मिल बघायला यायची. त्या दसऱ्याला सकाळी आंघोळ करून धोंडू हार हातात घेऊन खोलीभर बघत राहिला. घरात विळी होती, स्टोव्ह होता. शेवटी त्याने व्हीसीआर पाटावर घेतला, त्याला कुंकू लावलं, हार घातला आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मनोभावे वाहिल्या. थोड्या वर पडल्या, थोड्या यंत्राच्या तोंडात गेल्या. पूजा झाल्यावर त्याने मला आत सारलं आणि मोरीतला पाहुणा लावला.

रामजी आतून दार ढकलत होता, आणि माझ्या पोटात कळ आली. पट्टी कशात तरी अडकली, गुंडाळली, चुरगळली. चित्र थरथरलं आणि गेलं. धोंडूने बटणं दाबली, यंत्र हलवलं, पण मी काही बाहेर येईना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसं झालं बिचाऱ्याचं.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी त्या लोखंडी पोटात काढले. अंधार होता, आणि ताणलेली पट्टी तुटेल की राहील याची धास्ती. मला फक्त ऐकू येई. दिवाळीचे फटाके ऐकले, विळीवर कोबी चिरल्याचा आवाज ऐकला. धोंडूचं हसू मात्र एकदाही ऐकलं नाही. मी आत अडकले होते आणि पाहुणा माझ्या आत अडकला होता. बाहेर धोंडू अडकला होता, त्याला तर दारही दिसत नव्हतं.

थंडी सरली आणि निरोप आला की आनंदा सुट्टीवर येतोय, येताना गिऱ्हाईक ठरवून येतोय, यंत्र विकायचं आहे. धोंडूने यंत्र चादरीत बांधलं आणि दादरला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार सज्जन होता. त्याने सरळ सांगितलं, "पट्टी कापून खेचावी लागेल. मशीन वाचेल, कॅसेट गेली समजा." मी आत श्वास रोखून धरला. धोंडूने चादरीची गाठ पुन्हा बांधली आणि तसाच घरी आला.

 शेवंती उठली आणि तिने रामजीच्या बाजूच्या भिंतीवर लाटणं आपटलं. "रामजी भावोजी, जरा येतास?"

"कित्याक बोलावतंस त्येका?" धोंडू पुटपुटला. ती म्हणाली, "तुमका कॅसेट होई का अबोलो होयो, ता ठरवा."

रामजी आला. पण उंबऱ्याशीच थांबला, हे मला त्याच्या पावलांवरून कळलं.  मग धोंडूचा घोगरा आवाज आला, "दार उघडाच आसा."

रामजी आत आला.

त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले. किती दिवसांनी माझ्यावर उजेड पडला! धोंडूने बॅटरी धरली, रामजीने बोटं घातली. एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडवायचं. साच्यावर तुटलेले धागे जोडलेले हात ते, त्यांना बोलायची गरज नव्हती. शेवटी रामजीच्या चिमटीत एक तांदळाचा दाणा आला, कुंकवाने लाल झालेला. त्याने तो तळहातावर ठेवला.

"पूजा केलंस ह्येची?"

"साचो खय आसा माझ्याकडे?" धोंडू म्हणाला. "मगे ह्येचीच केलंय."

रामजीने तो दाणा मुठीत मिटला. "माझो साचो पन बंद झालो रे," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात आमका पन काढल्यानी. चाळीत सांगू कोणाक?" आणि मग, "दसऱ्यापासून तुझा हसना ऐकाक येय ना. माका वाटला, आजारी पडलंस की काय."

धोंडूने बॅटरी अजून जवळ आणली. मी रडू शकत नाही, मित्रांनो. त्या दिवशी रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी सुटले, पण चुरगळलेला तुकडा वाचला नाही. तो ब्लेडने कापून त्यांनी मला चिकटपट्टीने जोडलं. तुकडा गेला तो नेमका दार उघडण्याचा. पाहुणा आतून दार ढकलतो, चित्र टुणकन उडी मारतं आणि पुढच्या भागाची पाटी येते. पडद्यावर तो बाहेर येतच नाही.

त्या संध्याकाळी मला लावलं. ती जागा आली, चित्राने उडी मारली. धोंडूने मान वळवली, शेजारी बसलेल्या रामजीकडे बघितलं आणि नानांच्या आवाजात म्हणाला, "अहो, दार उघडंच होतं."

रामजीने मान ताठ केली. "झाली एकदाची आंघोळ," तो म्हणाला. शेवंतीने उठून चहा टाकला.

आनंदा आला तेव्हा हा खेळ रोजचा झाला होता. त्याने एक दिवस तो पाहिला आणि गिऱ्हाइकाला नाही सांगून टाकलं. "ऱ्हवांदे ताई," म्हणाला, "भावजी हसतहत." मिल काही पुन्हा सुरू झाली नाही. पुढे धोंडू रखवालदार झाला आणि रामजीने माझगावला गोदीत काम धरलं. पण आठवड्यातून एकदा दोघं मला लावायचे आणि तो तुटलेला तुकडा तोंडाने भरायचे.

आज ते दोघंही नाहीत. चाळ पाडायला घेतल्यावर शेवंती तुळसाच्या घरी, नायगावला राहायला आली. रामजीची तुळसा, आता तीच हिची लेक. यंत्र केव्हाच भंगारात गेलं. मी कपाटात आहे, माझ्या पट्टीवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटलेत, आणि मला वाजवेल असं काही आता घरात नाही. पुन्हा अडकलेच म्हणा. तरी कधी दुपारी शेवंती मला बाहेर काढते, पदराने पुसते, खिडकीशी उन्हात ठेवते आणि स्वतःशीच म्हणते, "दार उघडाच आसा रे." मग थोडा वेळ वाट बघते, आणि चहा टाकायला उठते. कप मात्र तीन काढते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला ओलसर जागी ठेवू नका, आणि तिच्या यंत्राला अक्षता वाहू नका. पण त्याआधी एक करा. भिंतीपलीकडच्या कुणाशी तुम्ही अबोला धरला असेल, दार काही केल्या उघडत नाही असं वाटत असेल, तर ते एकदा आपल्या बाजूला ओढून पाहा.