फूटभर वर

लोरेटाने आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या गल्ल्यातून एक डॉलरची नोट काढली, नव्या रायफलच्या नळीखाली घातली आणि दस्त्यापर्यंत सरसर ओढत नेली. नोट कुठेही अडली नाही.

"नळीला लाकूड टेकलं की ती तापल्यावर वाकडी मारते," ती म्हणाली. "ही नाही मारणार. बोल्ट ओढून बघ."

एल्वुडने गोळी आत सारणारा तो खटका उचलला, मागे घेतला, पुढे ढकलला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण हात अजून खुंटासारखे.

"पॅप, त्यापेक्षा हरणांनाच सांगा की गळ्यात घंटा बांधून या," काउंटरला टेकलेला त्याचा जावई म्हणाला. ड्वेनच सासऱ्याला सगळीकडे गाडीतून नेई. शिकारीच्या मोसमात दोघांच्या बंदुकाही तोच कॅम्पात पोचवी. सेवाभावी माणूस. गावात त्याच्याबद्दल सगळे असंच म्हणत.

कॅम्पाचा कायदा साधा होता. हरीण चुकलं की चुकवणाऱ्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचं. ओळीने तीन वर्षं शेपूट लागलं की मचाण सोडायचं. ओढ्यावरचं मचाण एल्वुडने चाळीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलं होतं. त्याची गेल्या दोन वर्षांची दोन शेपटं भिंतीवर होती, आणि त्याच्यानंतर मचाणावर हक्क होता ड्वेनचा.

"हीच दे," एल्वुड म्हणाला. "जुनी बदल्यात घे."

"बदल्यातली बंदूक तीन गोळ्या झाडून बघितल्याशिवाय मी घेत नाही. चल मागे. तूच झाड."

"कशाला उगाच?" ड्वेन म्हणाला. "त्यांना नेमाचा कागद दिसला पाहिजे ना! आणि बंदुकीवरची दुर्बीण धक्क्याने सरकली असेल. जुनीच आहे."

एल्वुड काउंटरवरच्या आपल्या जुन्या रायफलीवरून हात फिरवत राहिला. पहिलं हरीण चुकलं तेव्हापासून त्याने कागदावर एकही गोळी झाडली नव्हती. हरीण चुकलं तर वाऱ्यावर ढकलता येतं. कागद चुकला तर डोळेच गेले म्हणायचे.

"घाबरलास?" लोरेटाने विचारलं. दोघं एका वर्गात होती. तिला तेवढा हक्क होता.

दुकानामागच्या मैदानात त्याने वाळूच्या पिशवीवर जुनी रायफल टेकवली. शंभर यार्डांवर कागद. तीन गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर तो बोल्ट हळू ओढत होता, जणू चौथी कधी झाडायलाच मिळणार नव्हती.

लोरेटा कागद घेऊन आली. मधलं काळं वर्तुळ कोरं होतं. त्याच्या फूटभर वर, सरळ रेषेत, तीन भोकं एकमेकांना चिकटून होती. एका बाटलीच्या बुचाखाली तिन्ही झाकली असती.

"हे आंधळ्याचं काम नाही," ती म्हणाली.

"सरकलीय, म्हटलं ना मी," ड्वेन म्हणाला.

तिने दुर्बिणीवरचं पितळी टोपण फिरवून काढलं. आतल्या, नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर नखरंगाचा लाल ठिपका होता. एल्वुडच्या बायकोने, ती होती तेव्हा, नेम जुळल्यावर लावलेला. तसाच दुसरा ठिपका कडेवर. दोन्ही समोरासमोर असायला हवे होते. चकतीवरचा जवळजवळ पूर्ण फेरी मारून भलतीकडे गेला होता.

लोरेटाने चकती उलटी फिरवायला घेतली. टक्, टक्, टक्. ती मोठ्याने मोजत होती. अठ्ठेचाळीसाव्या टक्‌ला ठिपके जुळले.

"धक्का मोठा हुशार होता," ती म्हणाली. "टोपण काढलं, अठ्ठेचाळीस मोजले, टोपण परत घट्ट बसवलं."

ड्वेन हसायला गेला, पण ते जमलं नाही.

लोरेटाने नवा कागद लावल्यावर एल्वुडने परत पिशवीवर रायफल टेकवली आणि एकच गोळी झाडली. या वेळी कागद आणायला कुणी गेलं नाही. काळ्या वर्तुळातून पलीकडचं ऊन दुर्बिणीतून इथूनच दिसत होतं.

"लोरेटा, कात्री आहे?"

तिने ॲप्रनमधून काढून दिली. एल्वुडने ती एकदा हवेतच उघडमीट करून बघितली. ड्वेन आपणहून पाठमोरा झाला आणि पँटमधून शर्ट ओढून बाहेर काढला. एल्वुडने सावकाश कापलं, कंबरेपेक्षा बरंच वर. कात्रीचं थंड पातं पाठीला लागलं तसा ड्वेन शहारला. कापलेल्या तुकड्याची एल्वुडने नीट घडी केली.

"कॅम्पात ठोकणार?" लोरेटाने विचारलं.

"छे. डार्लीनच्या स्वयंपाकघरात." डार्लीन म्हणजे त्याची मुलगी. "ती विचारेल, काय चुकलं म्हणून. जावईबापू सांगतील."

"पॅप, हात जोडतो..."

दुकानात परतल्यावर एल्वुडने नवी रायफल काउंटरवरच राहू दिली, जुनी खांद्याला अडकवली आणि तो बाहेर आला. मागून ड्वेन, उघडी पाठ पिकअपच्या दाराकडे वळवून. त्याने खाली बघतच गाडीची किल्ली सासऱ्यापुढे धरली.

"तूच चालव," एल्वुड म्हणाला. "मला कुठे दिसतंय?"