वरचा विमा

दादा बिस्किट खाता खाता आतड्यांबद्दल बोलायचा. "खालच्या मजल्यावरच्या काकांचं आतडं काढलं. आता पोटाला पिशवी लावलीय, बेबी. सगळं त्या पिशवीत येतं," असं म्हणायचा आणि दुसरं बिस्किट चहात बुडवायचा. बेबीताईला मळमळायचं. ती आपला कप बाजूला सारायची.

बेबीताई पार्लर चालवायची. तीन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, मागे केस धुवायची अरुंद खोली. नवरा स्कूलबस चालवायचा. दोघांचाही दवाखान्याचा विमा होता. पण दादा, तिचा थोरला भाऊ, विमा विकण्याच्या धंद्यात पडला आणि तिच्या मागे हात धुऊन लागला. गंभीर आजाराचा वेगळा विमा घे म्हणे. कॅन्सर, हार्ट अटॅक, लकवा, किडनी, यातलं काही निघालं की एकरकमी पैसे हातात.

नवऱ्याला ते पटत होतं. "दवाखान्याचं बिल पहिला विमा भरेल," तो म्हणायचा. "पण तू खुर्चीमागे उभी राहू शकली नाहीस तर दुकान कोण उघडणार? वरचा विमा असलेला बरा."

खरं तर तिलाही पटत होतं. वहिनीच्या छातीत गाठ निघाल्यापासून आंघोळ करताना तिचा हात आपोआप तिकडे जायचा. काही लागत नसे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. पण विमा दादाकडून घ्यायचा म्हटलं की तोंडाला कडू पाणी सुटायचं. तो अशा उत्साहाने आजार सांगायचा, जणू त्याच्या दुकानात नवा माल आलाय.

एका शनिवारी दुपारी पार्लर भरलेलं असताना दादा आला. बरोबर वहिनी होती. डोक्याला निळा स्कार्फ, भुवया पेन्सिलने रेखलेल्या. केमो संपून थोडेच दिवस झाले होते. बेबीताईला वाटलं, घरी बसून कंटाळली असेल, जरा माणसांत आली. तिने पुढे होऊन तिचा हात धरला.

"इथे बस, वहिनी. पंख्याखाली."

"नको, मधल्या खुर्चीत बसू दे," दादा म्हणाला. "तिथे सगळ्यांना दिसेल."

काय दिसेल, हे बेबीताईला कळलं नाही. मधल्या खुर्चीशेजारी शाळेतल्या एक बाई डोक्याला रंग थापून बसल्या होत्या. पलीकडे एक मुलगी केस कापून घ्यायला आली होती. बाकावर आणखी दोघीजणी मासिकं चाळत होत्या. दादाने घसा साफ केला.

"ताई, माफ करा, दोनच मिनिटं. ही माझी बायको. मागच्या वर्षी हिचे केस कमरेपर्यंत होते."

आणि त्याने स्कार्फ ओढला.

आरशात वहिनीचं बोडकं डोकं दिसलं. कानामागे इथे तिथे करडी खुंटं उगवलेली, मधे कातडी चकाकत होती. मुलीने तोंड फिरवलं. बाकावरच्या दोघींपैकी एकीने पदरासारखी ओढणी तोंडाशी नेली. पण बेबीताई बघत होती ती वहिनीकडे. वहिनी दचकली नव्हती. दादाने स्कार्फ ओढण्याआधीच तिने मान किंचित पुढे केली होती, त्याला सोपं जावं म्हणून. आता ती आरशातून सगळ्यांकडे बघत मंद हसत होती. ते हसू बसवलेलं होतं. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती.

"हे कुणालाही होऊ शकतं," दादा सांगत होता. "आमचा विमा होता म्हणून आम्ही निभावलो. नसता तर रस्त्यावर आलो असतो."

शाळेतल्या बाईंनी टॉवेलखालून हात काढून त्याचं कार्ड घेतलं.

बेबीताईने स्कार्फ त्याच्या हातातून हिसकावला आणि वहिनीला मागच्या खोलीत नेलं. दार लोटलं. ओल्या टॉवेलांचा आणि शाम्पूचा वास भरला होता.

"किती ठिकाणी नेलं त्याने तुला असं?"

"मोजलं नाही गं." वहिनी बेसिनच्या कडेला टेकली. "ऑफिसं, सोसायट्या. एकदा लग्नाच्या हॉलवर पण."

"आणि तू जातेस?"

"घरी बसून काय करू? छताकडे बघत पडू?" तिने बेबीताईच्या हातातून स्कार्फ घेतला. "सुरुवातीला हे जिन्यात थांबायचे. म्हणायचे, नको वाटत असेल तर परत जाऊ. आता नाही विचारत."

बेबीताईला राग कुणाचा करावा कळेना. "निदान त्या विम्याचे पैसे तरी मिळाले ना?"

वहिनी हसली. हे हसू तिचं स्वतःचं होतं.

"छदामही नाही. लवकर सापडला म्हणून डॉक्टर खूश झाले, आणि लवकर सापडला म्हणूनच कंपनीने हात वर केले. त्यांच्या हिशेबात तो आजार पुरेसा गंभीर नव्हता. अंगभर पसरला असता तर दिले असते म्हणे."

"मग दादा बाहेर काय सांगतोय?"

"दवाखान्याचं बिल साध्या विम्याने भरलं, तोही विमाच ना. खोटं बोलत नाहीत, असं ते म्हणतात."

बेबीताई बाहेर आली तेव्हा दादा रंगवाल्या बाईंशेजारी स्टूल घेऊन बसला होता आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या डब्यातलं बिस्किट खात होता.

"दादा, वहिनीला या विम्यातून किती मिळाले, ते सांग ना यांना."

तो चघळायचा थांबला. "बेबी, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नकोस."

"मी आणतेय? बायकोचं डोकं कुणी उघडं केलं बाजारात?"

"तिच्या मर्जीने येते ती! विचार तिला!"

"लाज कशी वाटत नाही रे तुला? ते बिस्किट तरी गिळ आधी."

वहिनी स्कार्फ बांधून बाहेर आली. ती दादाकडे गेली नाही, बेबीताईकडेही नाही. शाळेतल्या बाईंसमोर उभी राहिली.

"विमा घ्यायचा असेल तर जरूर घ्या," ती शांतपणे म्हणाली. "पण लवकर सापडला तर देता का, ते आधी विचारा. आम्हाला नाही दिले."

दादाचा चेहरा पडला. तो बाहेर पडला, स्वतःची बॅग विसरून. बेबीताईला वाटलं, आता वहिनी थांबेल. आपल्याजवळ बसेल, रडेल, काहीतरी बोलेल. पण वहिनीने ती बॅग उचलली, खांद्याला लावली आणि त्याच्या मागे निघाली. काचेतून दिसलं, तो कोपऱ्यावर उभा होता. तिने बॅग त्याच्या हातात दिली आणि दोघं बरोबर चालायला लागली.

शाळेतल्या बाईंच्या केसांवर रंग जास्त वेळ राहिला. कपाळावर काळा पट्टा उमटला, तो बेबीताई कितीतरी वेळ घासत राहिली.

पुढे ती आणि नवरा दुसऱ्याच एका कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या बाईला तिने पहिला प्रश्न तोच विचारला. लवकर सापडला तर काही भाग मिळतो, बाई म्हणाली. बाकी पूर्ण रकमेसाठी निदान झाल्यावर महिनाभर जिवंत राहावं लागतं.

"म्हणजे लगेच मेली तर?" नवऱ्याने विचारलं.

"मग नाही."

"हिला तशी कुठलीच गोष्ट लगेच जमत नाही," नवरा म्हणाला आणि एकटाच हसला.

बेबीताईने सही केली. हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. दादाने जी भीती इतके महिने चारली होती, तीच आपण दुसऱ्या दुकानात जाऊन विकत घेतली, असं वाटून तिला शिसारी आली. आपलीच. तरी सही खोडावीशी वाटली नाही.

दादाने बोलणं टाकलं. वहिनी फोन उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि दुसरा विषय काढायची.

मग काही महिन्यांनी त्या शाळेतल्या बाई पुन्हा रंग लावायला आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुमचे दादा आमच्या शाळेत आले होते हो, स्टाफरूममध्ये. वहिनी पण होत्या."

बेबीताईने वाटीत रंग कालवायला घेतला.

"स्वतःच सांगितलं त्यांनी. म्हणाले, आमचा लवकर सापडला म्हणून आम्हाला पैसे मिळाले नाहीत, आमची फसगत झाली, तुमची होऊ नये म्हणून ही नवी पॉलिसी आणलीय. लवकर सापडला तरी देतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी घेतली." बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "किती प्रामाणिक माणूस, नाही?"

"आणि वहिनी?"

"त्यांनी स्कार्फ काढला. केस येतायत आता, बारीक बारीक. म्हणाल्या, हात लावून बघा. मी लावला." बाईंनी तळहात पुढे केला. "मऊ आहेत अगदी."

बेबीताईने हातमोजे चढवले आणि त्यांच्या भांगात रंगाचा पहिला फटकारा मारला.